शायेन मॅडम

तपासणीला आलेले साहेब सातवीच्या वर्गात शिरले आणि पहिल्या बाकावरच्या पोरीला त्यांनी विचारलं, "सांग बेटा, शूर कोणाला म्हणायचं?" साहेबांची अपेक्षा साधी होती. किल्ला, तलवार, घोडा असं काहीतरी कानावर पडेल आणि पाठ थोपटून पुढच्या वर्गात जाता येईल. पोरगी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, जो शत्रूच्या पार जवळ जाते, त्याले नुसता हात लावते अन् न मारता वापस येते, तो शूर."

साहेबांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी विज्ञान शिकवतो, या प्रकरणाशी माझा संबंध नव्हता, म्हणून मी खिडकीकडे पाहिलं.

"हे कोणत्या धड्यात आहे?" साहेबांनी विचारलं.

"धड्यात नाही सर. शायेनांमधी आहे. शेवंता मॅडमनं सांगितलं."

दिग्रसच्या आमच्या शाळेत शेवंता राठोड मॅडम इतिहास शिकवायच्या आणि अख्खं गाव त्यांना मागं शायेन मॅडम म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं. त्याचा त्यांना राग येत नसे. राग यायचा तो कोणी 'शाईन' किंवा 'चायना' म्हटलं की. मग त्या समोरच्याला थांबवायच्या, दोनदा नीट म्हणून घ्यायच्या आणि मगच पुढं बोलू द्यायच्या.

शायेन म्हणजे अमेरिकेतले मूळ लोक. मोठ्या गवताळ माळावर गव्यांच्या कळपामागं तंबू घेऊन फिरायचे. एवढं लिहिलं आणि लगेच मॅडमचा आवाज कानात आला. "फिरत होते ते ठीक आहे सर, पण पुढं लिहा ना. आताही आहेत म्हणा. मोंटानात आहेत, ओक्लाहोमात आहेत. त्यांचे पोट्टे शाळेत जाते, त्यांच्याकडं गाड्या आहेत, मोबाईल आहेत. जित्या माणसाले तुमी कायले मारून राह्यले?" तेव्हा लिहून टाकतो, आहेत.

त्यांना हे लोक भेटले नागपुरात, बी.एड. करत असताना, रद्दीच्या दुकानात. मुखपृष्ठ गेलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. ही गोष्ट त्यांनी मला चहा पिताना सांगितली होती. "मी वसतिगृहात राहत होती. पोरी विचारत, तुही आई ते आरशाचे कपडे घालते काय? मी सरळ नाही म्हणत होती. अन् त्या पुस्तकात पाहिलं तं एक बाई तंबूपुढं बसलेली. अंगावर मण्यांचं काम, हातात सुई. अन् अशी पाहून राह्यली का फोटो काढणाऱ्यालेच लाज वाटावी. मले वाटलं, ही माही याडीच आहे." गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, आईला याडी म्हणतात. त्या दिवशी पुस्तक घेऊन त्या दुकानातून निघाल्या त्या थेट वसतिगृहात गेल्या आणि 'माही आई आरशाचेच कपडे घालते' असं पोरींना एकेकीला गाठून सांगून आल्या. एकीनं तर विचारलंही नव्हतं.

बाई ठेंगणी, चालणं तुरूतुरू, चष्मा दोरीला बांधलेला. हातात काचेच्या बांगड्यांमध्ये आईची एक जुनी जाड बांगडी, आणि पदराला कायम एक सुई टोचलेली. खडूच्या डब्यात खडूंपेक्षा दोरे जास्त. शायेनांकडे पेटता विस्तव आणि बसलेला माणूस यांच्यामधून कोणी जात नाही, माणसाच्या मागून वळसा घालून जातात, हे त्यांनी वाचलं होतं आणि त्यांना ते फार आवडलं होतं. आमच्या शिक्षकखोलीत विस्तव कुठला असणार? तिथं चहाची विजेची किटली होती. पण किटली चालू असली की मॅडम आमच्या खुर्च्यांच्या मागून, भिंतीला अंग घासत, कपाटाला वळसा घालून आपल्या जागेवर जायच्या. सुरुवातीला आम्ही हसलो. वर्षभरानं पाहतो तर आम्ही सगळेच भिंत घासत जात होतो.

मुख्याध्यापक तापट होते. एकदा ते सगळ्यांवर ओरडून गेले, तेव्हा मॅडम वह्या तपासता तपासता म्हणाल्या, "शायेनांमधी असते तं हे मुख्य झाले नसते. तिथं मुख्याले राग येऊच देत नाहीत. कोणी कितीबी वाईट वागलं तरी त्यानं चिलीम भरायची अन् चूप बसायचं." हे मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी ते शिक्षकखोलीत आले आणि म्हणाले, "मी तंबाखू ओढत नाही मॅडम, नाहीतर भरली असती." त्यानंतर ते बरेच निवळले असं मी म्हणणार नाही, पण ओरडण्याआधी एकदा मॅडमकडे पाहायला लागले.

तरी या प्रेमाला एक कडक कुंपण होतं. एका स्नेहसंमेलनात पोरांनी कोंबडीची पिसं डोक्याला बांधली, तोंडाला रंग फासला आणि हू-हू करत नाचायची तयारी केली. मॅडम मंचामागं गेल्या. "कोणाचा नाच आहे हा?" पोरं म्हणाली, "तुमच्या शायेनांचा मॅडम. तुमच्यासाठीच बसवला." मॅडमनी एकेकाच्या डोक्यावरचं पीस काढलं आणि शांतपणे विचारलं, "तुह्या आजीची कांचळी घालून कोणी असं हू-हू केलं तं चालन काय तुले?" आरशांची चोळी म्हणजे कांचळी. ज्याला विचारलं तो तांड्यावरचाच होता. त्यानं मान खाली घातली. नाच रद्द झाला आणि मॅडमनी त्या पोरांना घरी नेऊन पोटभर जेवू घातलं.

तसंच, कोणी पालक म्हणाला की 'मॅडम, हे तर आपले बंजारेच की', तर त्या लगेच तोडायच्या. "नाही. ते शायेन, आपण गोर. आपल्या माणसांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहिलं, त्यांनी गव्यांवर पोट भरलं. चेहरा जुळला म्हणून घर जुळत नाही." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं. पुढं ते अशा ठिकाणी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

त्यांचा सगळ्यात गाजलेला तास तंबूचा. कापसावर झाकायची ताडपत्री आणि बांबू घेऊन त्या वर्ग मैदानावर न्यायच्या. आधी तीन बांबूंची डोकी बांधायची, ते फाकवून उभे करायचे, मग बाकीचे टेकवायचे. हे सगळं पोरींनी. पोरं विचारायची, "मॅडम, आमी काय करू?"

"तुमी बाहेर उभे राहा. तंबू बाईचा असते. कातडं तिनं कमावलं, शिवलं तिनं, उभा तिनं केला, मोडून घोड्यावर लादते तीच. माणूस आपला घोडा अन् आपले बाण घेऊन येते. पोरींनी बोलावलं तं आत जा."

मग ताडपत्रीच्या आत पोरी खिदळत बसायच्या आणि बाहेर उन्हात पोरं आवाज द्यायची, "ए, बोलाव ना वं!" दिग्रसच्या बाजारात आज दुकान चालवणाऱ्या, शेती करणाऱ्या, नोकरीला लागलेल्या कितीतरी बायांना इतिहासातलं दुसरं काही आठवत नाही, पण तंबू कोणाचा असतो हे त्या झोपेतही सांगतील.

मॅडम गावात न राहता पुसद रस्त्यावरच्या तांड्यावर राहायच्या. यजमान पूर्वीच गेले होते. एकच मुलगी, रेखा. अंगणात शेवग्याचं झाड होतं आणि दर रविवारी त्याखाली तांड्यावरच्या बाया कशिदा काढायला जमायच्या. ही बैठक मॅडमनीच सुरू केली होती. बाया साड्या नेसायला लागल्या, आरशांचे घागरे पेटीत गेले, शहरातले लोक येऊन ते जुने घागरे पिशव्या करायला घेऊन जायला लागले, तेव्हा मॅडमचा जीव कळवळला. म्हणाल्या, "टाके विसरलो तं मंग फोटोतच राहू आपण."

या बैठकीत शायेनांची एक रीत होती. मॅडम प्रत्येक वेळी आधी सांगायच्या, "ही रीत आपली नाही, मागून आणली आहे, तं नीट वापरायची." शायेन बाया साळिंदराच्या काट्यांचं फार बारीक नक्षीकाम करायच्या. निवडक बायांचीच ती बैठक. काम पवित्र मानलेलं. त्यात एखादीचा टाका चुकला तर तिनं तो आपल्या हातानं उसवायचा नाही. शत्रूला हात लावून आलेल्या एखाद्या शूर माणसाला बोलवायचं. तो येणार, आपला पराक्रम सगळ्यांसमोर सांगणार, खरं तेच सांगणार, आणि मगच तो चुकीचा टाका कापणार. आणि बोलावणं धाडायचं ते दुसऱ्या कोणी नाही. चूक जिची, बोलावणं तिचं, हा नियम मॅडमनी आपल्या बैठकीत घालून दिला होता. शायेन लोक खरं बोलताना त्यांच्या पवित्र बाणांना साक्षी ठेवतात. इथं बाण कुठून आणणार, म्हणून सांगणाऱ्यानं सुईवर बोट ठेवायचं आणि बाया म्हणायच्या, "बोल, सुई ऐकून राह्यली."

पहिल्यांदा टाका चुकला तेव्हा तांड्यावरचा एक जुना पैलवान आला. मिशीला पीळ देऊन त्यानं वाघाची गोष्ट सुरू केली. अर्ध्यात पोचला तोवर वाघाचे दोन वाघ झाले होते. मॅडम म्हणाल्या, "पैलवान, बोट सुईवर ठेवा." त्यानं ठेवलं. एक वाघ गेला. अजून थोडं दाबून ठेवायला सांगितल्यावर दुसरा वाघही गेला आणि शेवटी रानडुक्कर उरलं, तेही लांबून पाहिलेलं. बायांनी त्याला चहा दिला, कात्री दिली नाही.

मग चूक ज्या बाईची होती तिनं बाजूला बसलेल्या लालीबाईला म्हटलं, "तूच सांग वं." लालीबाई दरवर्षी ऊसतोडीला जाणारी, बैठकीत कधी तोंड न उघडणारी. तिनं सुईवर बोट ठेवलं आणि खालमानेनं बोलली. "उसाच्या फडात मुकादमानं माहा हात धरला. आजूबाजूले कोणी नोतं. माह्या दुसऱ्या हातात कोयता होता. मी कोयता त्याच्या मनगटावर ठेवला. मारला नाही. नुसता ठेवला. अन् त्याच्या डोळ्यात पाहत राह्यली. त्यानं हात सोडला. मंग मी मोळी बांधली."

मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. त्यांनी कात्री दोन्ही हातांनी लालीबाईला दिली. तिच्या नवऱ्यालाही ती गोष्ट माहीत नव्हती. त्यानंतर तांड्यावर शूर माणूस शोधायला कोणी पुरुषांच्या ओट्यावर गेलं नाही. बाया बायांनाच बोलवायच्या, आणि काय काय बाहेर पडायचं त्या शेवग्याखाली!

एकदा पाळी माझ्यावरही आली. मी काही कामानं गेलो होतो, टाका चुकलेला होता, आणि मॅडम म्हणाल्या, "सर, तुमी सांगा." मी नेरकडच्या शेतकऱ्याच्या घरचा, आयुष्यभर खडू धरलेला. पण प्रयोगशाळेत निघालेला साप मी एकट्यानं पोत्यात भरला होता, ते रंगवून सांगितलं. लालीबाईनं विचारलं, "साप कोणता होता?" बोट सुईवर होतं. मी म्हणालो, "धामण." बाया इतक्या हसल्या की शेजारची कुत्री भुंकायला लागली. मलाही चहाच मिळाला.

आता रेखाचं सांगायला हवं.

रेखाचं लग्न महागावला झालं होतं. जावयाचं खताबियाण्याचं दुकान, घर भरलेलं, बोलणं गोड. लग्नाआधीच मॅडमनी तिच्यासाठी एक मोठी ओढणी काढायला घेतली होती. शाळेच्या धबडग्यात ती मागं पडली आणि लग्नानंतरही चालूच राहिली. एका दुपारी मी परीक्षेच्या कामासाठी मॅडमकडे बसलो असताना रेखा दारात उभी राहिली. हातात एक पिशवी. दंडावर निळं पडलेलं. मी उठायला लागलो, पण दारातच ती उभी, जायचं कुठून?

"याडी, मी वापस नाही जात."

मॅडमनी तिच्या दंडाकडे पाहिलं. वाटलं, आता जवळ घेतील. पण त्या म्हणाल्या, "जेवून घे. अन् संध्याकाळच्या गाडीनं जाय. मी येईन, त्याच्याशी बोलीन. तुहं घर ते हाय."

"तू तं शाळेत शिकवतं, तंबू बाईचा असते म्हणून."

मॅडम म्हणाल्या, "ते शायेन आहेत. आपण नाही. चेहरा जुळला म्हणून घर जुळत नाही."

रेखानं आईकडे असं पाहिलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तिनं पाणीही घेतलं नाही. पिशवी उचलली आणि रस्त्याला लागली. ती महागावला गेली नाही, नागपूरच्या गाडीत बसली, हे दोन दिवसांनी कळलं. तिथं मैत्रिणीकडे राहिली, औषधाच्या दुकानात कामाला लागली, पुढं भाड्यानं खोली घेतली. आईचा फोन मात्र तिनं घेतला नाही.

मॅडम अशा का वागल्या? मी त्यांना कधी विचारलं नाही, त्यांनीच एकदा सांगितलं. "सर, तांड्यात पहिली शिकलेली बाई मी. सारे म्हणत, हिले शिकवलं तं हिच्या घरात संसार टिकणार नाही. जन्मभर ते खोटं करून दाखवत आली मी. अन् त्या दिवशी दारात पोरगी नाही दिसली मले, ते सारे लोक दिसले." जगाला धीट करणारी बाई स्वतःच्या उंबऱ्यावर भ्याली, याचं मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

रेखा गेली त्या संध्याकाळी मॅडम ओढणी घेऊन बसल्या आणि काठावर टाका चुकला. लाल दोऱ्याच्या ओळीत मध्येच तिरपा गेलेला टाका, कोणालाही दिसेल असा. रविवारी बाया जमल्या. लालीबाई म्हणाली, "मॅडम, मी सांगते, मायाकडं अजून एक हाय. कापून टाकू." मॅडम म्हणाल्या, "नाही लाली. हा टाका तुह्यानं कापला जाणार नाही." बायांना कळलं. मॅडमना कोणाला बोलवायला हवं होतं ते सगळ्यांनाच कळलं होतं. आणि नियम तर त्यांचाच, चूक जिची, बोलावणं तिचं.

पण पाय उचलत नव्हता. दर रविवारी मॅडम त्या टाक्याच्या आजूबाजूनं काढत राहिल्या. आरसे बसले, कवड्या लागल्या, तीन काठ पूर्ण झाले आणि तो तिरपा टाका मध्ये तसाच. मॅडम निवृत्त झाल्या. मग डोळे जायला लागले. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते येणार नाही, उरलंय ते सांभाळा. सुईत दोरा ओवायला त्यांना लालीबाई लागायला लागली. एक दिवस मी भेटायला गेलो तर त्या ओढणीवरून बोटं फिरवत होत्या. एका जागी बोट थांबलं. "दिसत नाही सर, पण हाताले लागते," त्या म्हणाल्या. "उद्या हाताले लागलं नाही तं मंग मी कायची बाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच नागपूरच्या गाडीत बसल्या. ओढणी पिशवीत. लालीबाई सोबत यायला निघाली तर तिला उतरवून दिलं. शत्रूच्या तंबूपर्यंत जाणारे एकटेच जातात, असं काहीसं म्हणाल्या म्हणे. मला मात्र वाटतं, पोरगी दार लावून घेईल ते कोणी पाहू नये, एवढंच त्यांच्या मनात असावं.

संध्याकाळी परत आल्या तेव्हा मी स्टँडवर होतो. "भेटली?" मी विचारलं.

"दारात उभी राहून बोलली. आत नाही घेतलं. पाणी नाही दिलं." मग म्हणाल्या, "बरोबरच केलं. मी म्हटलं, टाका चुकला माह्यानं, शूर माणूस पाहिजे, तू ये. ती म्हणे, मले येळ नाही."

पुढचा रविवार कोरडा गेला. त्याच्या पुढच्या रविवारी, बाया बसलेल्या असताना, रेखा आली. मी त्या दिवशी तिथं होतो ते मॅडमच्या औषधाचे थेंब पोचवायला. निघायला लागलो तर लालीबाईनं हातानंच 'बसा' म्हणून खुणावलं. रेखा चपला काढून आली आणि आईच्या समोर बसली. तिनं ओढणी मांडीवर ओढली, टाका शोधला, सुईवर बोट ठेवलं. बाया पुटपुटल्या, "बोल, सुई ऐकून राह्यली."

"माहा नवरा मारत होता. त्याले सोडलं, त्यात मी काही शूर नाही, मार खाणारं जनावरबी दावं तोडते." रेखा आईकडे न पाहता बोलत होती. "मी याडीच्या दारात आली. याडी म्हणे, वापस जाय. जगात माहं एकच दार होतं अन् ते बंद झालं. मी रस्त्यावर उभी राह्यली. महागावची गाडी आली, कंडक्टर म्हणे, चाला बाई. माहा पाय उचललाबी. मंग मी पाय खाली ठेवला. ती गाडी जाऊ दिली. नागपूरच्या गाडीत बसली. मागं याडी नोती, पुढं कोणी नोतं. ते मी केलं." तिनं आता मान वर केली. "याडी, खरं का खोटं?"

रीत अशी नव्हती. सांगणाऱ्यानं विचारायचं नसतं. पण मॅडमनी आपला हात पुढं केला, चाचपत पोरीचं बोट शोधलं आणि त्याच सुईवर आपलं बोट ठेवलं. "खरं," त्या म्हणाल्या. "मी भ्याली, अन् तू नाही भ्याली. खरं."

मग त्यांनी ओढणीचा काठ दोन्ही हातांनी ताणून धरला, कापताना कापड हलू नये म्हणून. रेखानं कात्री घातली. कुट असा आवाज झाला आणि मग मायलेकी दोघी रडल्या, आणि त्यांना पाहून सगळ्या बाया रडल्या. मीही रडलो. धामणवाला म्हणून कोणी हसलं नाही.

कापलेल्या जागी काय काढायचं यावर पुढं पुष्कळ चर्चा झाली. लालीबाईचं म्हणणं, तोच टाका सरळ काढावा. मॅडम म्हणाल्या, तिथं आरसा बसवा. रेखानं बसवला. तिला काम नीट येत नव्हतं, आरसा थोडा वाकडा बसला. मॅडमनी त्यावरून बोट फिरवलं आणि चूक दाखवली नाही. शिक्षकी पेशात इतकी वर्षं काढलेल्या बाईला हे किती जड गेलं असेल ते मी समजू शकतो.

त्यानंतर महिन्याभरात मॅडम तांडा सोडून रेखाकडे राहायला गेल्या. तिथंच, तिच्याच घरी, दोन हिवाळ्यांनंतर त्या गेल्या. मला बातमी उशिरा कळली आणि मी पोचू शकलो नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढं राहिलेल्या मॅडम दिग्रसच्या स्टँडवरच्याच आहेत.

दुपारची वेळ. कापसाचा हंगाम, स्टँडबाहेर गाड्यांची रांग. मॅडम आणि रेखा नागपूरच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसलेल्या. सामान थोडंच, एक ट्रंक, एक गाठोडं. ओढणी रेखाच्या खांद्यावर होती. साध्या पंजाबी ड्रेसवर ती भारी ओढणी, येणारेजाणारे वळून पाहत होते आणि रेखा त्यांच्याकडे सरळ पाहत होती. शेजारी चहाची टपरी पेटलेली. मॅडम उठल्या आणि टपरीच्या शेगडीपुढं बसलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीमागून, वाट चाचपत, वळसा घालून गाडीकडे निघाल्या.

गाडीत चढताना तांड्यावरच्या एका म्हाताऱ्या ओळखीच्या बाईनं दारात अडवलं. आमच्याकडे लेकीच्या घरी आईबाप पाणी पिताना संकोचतात, मुक्काम तर लांबच. ती बाई दबक्या आवाजात, पण सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "काहून वं शेवंता, लेकीच्या घरी राहाले चालली म्हणते?"

मॅडमनी आधी रेखाचा हात नीट धरला. मग वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "हो बाई. तंबू तिचाच आहे. अन् तिनं बोलावलं म्हणून चालली."